टाकीत किती आणि इंजिनात किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पेट्रोल संपत आलं आहे, हे आपल्याला पूर्वी कसं कळायचं? ज्यांनी जुन्या स्कूटर चालवल्या, त्यांना आठवत असेल. गाडी अचानक आचके द्यायला लागायची. मग चालता चालताच खाली हात घालून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा. रिझर्व्हही संपलं तर स्कूटर एका अंगावर आडवी करायची, क्षणभर तशीच धरायची आणि तळात राहिलेल्या घोटभर पेट्रोलवर पंप गाठायचा. तेही साधलं नाही तर ढकलत न्यायची. यात घाम जायचा, वेळ जायचा. जीव जात नसे. कारण जमिनीवरच्या वाहनाला रस्त्याच्या कडेला थांबता येतं. आकाशाला अशी कड नसते.

आज मी एका छोट्याशा उपकरणाबद्दल बोलणार आहे. विमानाच्या इंजिनात दर तासाला किती इंधन जातं आहे आणि आतापर्यंत किती गेलं, हे ते सांगतं. इंग्रजीत त्याला फ्युएल फ्लो मॉनिटर म्हणतात. आपण इंधन-प्रवाहमापक म्हणू. आणि तेही मोठ्या कंपन्यांच्या प्रवासी विमानातलं नव्हे, तर लोकांनी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानातलं. तुम्ही म्हणाल, बीएपर्यंत शिकलेल्या कवीला हे काय सुचलं? पण मंडळी, कवीचं निम्मं काम मोजण्याचंच असतं. गझलेच्या ओळीत एक मात्रा सांडली तर ओळ लंगडते आणि जाणकार श्रोता मान फिरवतो. मोजणं म्हणजे काय, आणि मोजलेला आकडा खरा कधी मानायचा, हा प्रश्न मला म्हणूनच जवळचा वाटतो. या उपकरणात तो प्रश्न अगदी उघडा दिसतो.

घरी विमान बांधायचं म्हणजे काय, ते आधी पाहू. अमेरिकेत ही हौस मोठी आहे. विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी इथे १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी अशा हौशी मंडळींची एक संघटना सुरू केली : एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. १९७०पासून तिचा वार्षिक मेळा त्याच राज्यातल्या ऑशकॉश गावी भरतो. तिथला नियम असा, की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः बांधलेला असला पाहिजे. तसं असेल तर त्याला ‘प्रायोगिक’ या वर्गात परवाना मिळतो. सुटे भाग पेटीत घालून विकणाऱ्या कंपन्या आहेत. ऑरेगॉन राज्यातल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या आरव्ही मालिकेतली दहा हजारांहून अधिक विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. तेव्हा ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

कारखान्यात बनलेल्या विमानात साधं घड्याळ बदलायचं तरी मान्यताप्राप्त वस्तूच बसवावी लागते. घरी बांधलेल्या विमानाच्या मालकाला मोकळीक असते. उपकरणं तो विकतची बसवू शकतो, नाहीतर स्वतः बनवू शकतो. पण या मोकळिकीबरोबर एक जबाबदारी येते : उपकरण खोटं बोललं, तर त्याचा जाब विचारायला दुसरं कुणी नसतं.

ही जबाबदारी किती जड आहे? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये छोट्या विमानांच्या वैमानिकांसाठी एक इशारा प्रसिद्ध केला. इंधनाच्या हिशेबातल्या गोंधळामुळे तिथे वर्षाला सरासरी ५०हून अधिक अपघात होतात, असं त्यात म्हटलं होतं. त्यातल्या सुमारे ९५ टक्के अपघातांत वैमानिकाच्या वागण्याचा वाटा होता; यंत्रणा बिघडल्याचे जेमतेम ५ टक्के. इंधन संपणं वेगळं आणि टाकीत असूनही ते इंजिनापर्यंत न पोचणं वेगळं. दोन्ही प्रकार त्यात मोडतात.

जॉन डेन्व्हर हे नाव इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांना ठाऊक असेल. गिटार घेऊन डोंगरांची, नद्यांची, गावाकडच्या वाटांची गाणी गाणारा हा अमेरिकन गायक अनुभवी वैमानिकही होता. दुसऱ्याने बांधलेलं लाँग-ईझी जातीचं एक विमान त्याने नुकतंच विकत घेतलं होतं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथून तो उडाला आणि पॅसिफिक ग्रोव्ह गावासमोरच्या समुद्रात कोसळला. चौकशीत जे पुढे आलं ते मन खिन्न करणारं आहे. टाकी बदलण्याचा व्हॉल्व्ह मूळ आराखड्यातल्या जागी नव्हता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला होता, हात सहज पोचणार नाही असा. इंधन दाखवणाऱ्या काचेच्या नळ्याही वैमानिकाच्या पाठीमागे होत्या आणि त्यांच्यावर धड खुणा नव्हत्या. त्या दिसाव्यात म्हणून उडण्याआधी एका तंत्रज्ञाने त्याला हातातला आरसा दिला होता. इंधन भरून घेऊ का, असं विचारल्यावर डेन्व्हरने नको म्हटलं, कारण थोडाच वेळ उडायचं होतं. वर गेल्यावर तो व्हॉल्व्ह फिरवण्याच्या खटपटीत विमानावरचा ताबा सुटला, असा मंडळाचा निष्कर्ष होता. इंधन न भरणं आणि विमानाची पुरेशी ओळख नसणं याकडेही मंडळाने बोट दाखवलं.

प्रवाहमापक असता तर तो वाचला असता, असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण या घटनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. इंधनाचा आकडा डोळ्यांसमोर पाहिजे, पाठीमागे आरशात नव्हे. आणि तो विश्वास ठेवण्याजोगा पाहिजे.

टाकीचा काटा का पुरत नाही? छोट्या विमानांच्या टाक्या बहुधा पंखात असतात : लांब, रुंद आणि उथळ. विमान थोडं कललं, नाक वर झालं की आतलं इंधन परातीतल्या पाण्यासारखं एका कडेला जातं आणि त्यावर तरंगणारा गोळा वेगळंच काही सांगू लागतो. म्हणून जुने वैमानिक घड्याळावर भिस्त ठेवत. चार्ल्स लिंडबर्ग १९२७च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून एकटा पॅरिसला गेला, तेव्हा त्याच्या विमानात ४५० गॅलन, म्हणजे सुमारे १७०० लिटर इंधन पाच टाक्यांत भरलेलं होतं. कोणत्या टाकीवर किती तास झाले, याच्या पेन्सिलीच्या खुणा तो समोरच्या फळीवर करत गेला. साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला तेव्हा सुमारे ८५ गॅलन शिल्लक होतं. ही पद्धत चांगली, पण तिच्यात एक गृहीत धरलेलं आहे : इंजिन तासाला अमुक इतकंच पितं. चढताना, उंचावर, इंधनाची चिमटी सैल किंवा घट्ट केल्यावर ते पिणं बदलतं. तेव्हा अंदाज न करता, प्रत्यक्ष नळीतून जाणारं इंधनच मोजलं तर?

इथे इंजिनाबद्दल दोन शब्द. जुन्या इंजिनात कार्ब्युरेटर असतो. हवेच्या ओढीबरोबर पेट्रोल ओढलं जातं आणि सगळ्या सिलिंडरांना मिळून वाटलं जातं. वाटणी सारखी होतेच असं नाही. पंगतीत वाढपी एकच असला की टोकाच्या पानाला आमटी कमी पडते, तसं. इंजेक्शनच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोटी असते. घरी बांधलेल्या विमानांत लायकॉमिंग कंपनीचं आयओ-३६० हे चार सिलिंडरचं इंजिन खूप वापरलं जातं. त्यातलं ‘आय’ हे अक्षर इंजेक्शनचंच. त्याची नेहमीची यांत्रिक पद्धत अशी : पंप इंधन ढकलतो, एक नियंत्रक हवेच्या प्रमाणात ते मोजून पुढे सोडतो, इंजिनाच्या माथ्यावरचा वाटप करणारा डबा त्याचे चार भाग करतो आणि चार बारीक पोलादी नळ्यांतून ते चार तोट्यांना जातं. आठ पाय पसरलेल्या कोळ्यासारखा दिसतो म्हणून त्या डब्याला तिकडचे मेकॅनिक ‘स्पायडर’ म्हणतात.

अशा विमानांत प्रवाह दाखवणारा एक काटा पूर्वीपासून असे. त्याच्यावर ‘दर तासाला इतके गॅलन’ असं लिहिलेलंही असे. पण आतून तो प्रवाह मोजतच नसे. तो मोजत असे त्या वाटप करणाऱ्या डब्यातला दाब. दाब जास्त म्हणजे प्रवाह जास्त, हे तत्त्व सगळं ठीक असेल तोवर खरं. आता समजा, एका तोटीत कचरा अडकला. इंधनाची वाट अरुंद झाली, त्यामुळे मागचा दाब वाढला. काटा वर जातो आणि सांगतो, प्रवाह वाढला. प्रत्यक्षात त्या सिलिंडरला इंधन कमी मिळतं आहे! म्हणजे ज्या क्षणी खरं कळण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमकं त्याच क्षणी हे उपकरण उलटं सांगतं. एक गोष्ट मोजायची आणि पाटी दुसऱ्याच गोष्टीची लावायची, यातला धोका इतका स्वच्छ दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून नवे प्रवाहमापक वेगळ्या पद्धतीने काम करतात. नळीच्या वाटेत काड्यापेटीहून थोडा मोठा धातूचा ठोकळा बसवतात. आत एक इवलीशी भिंगरी असते. इंधन वाहिलं की ती फिरते. तिच्या एका बाजूला प्रकाश टाकणारा सूक्ष्म दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा घटक. भिंगरीचं पातं मध्ये आलं की प्रकाश अडतो, गेलं की सुटतो. प्रत्येक वेळी विजेचा एक ठोका तारेतून बाहेर येतो. हौशी मंडळींत लाल रंगाचा एक ठोकळा बराच चालतो. तो एका अमेरिकन गॅलनला सुमारे ६८ हजार ठोके देतो, म्हणजे लिटरला साधारण १८ हजार. इंजिन तासाला ३६ लिटर पीत असेल तर सेकंदाला १८० ठोके. या ठोक्यांच्या संख्येला तिकडे ‘के-फॅक्टर’ म्हणतात. आपण त्याला मापाचा आकडा म्हणू.

पुढचं काम सोपं आहे. काही शे रुपयांना मिळणारी मायक्रोकंट्रोलरची पट्टी घ्यायची. आर्डुइनो हे तिचं एक लोकप्रिय रूप. अभियांत्रिकीच्या मुलांच्या टेबलावर ती हमखास दिसते. तिला सांगायचं : दर सेकंदाला ठोके मोज, मापाच्या आकड्याने भाग, पडद्यावर दाखव. शिवाय एकूण बेरीज ठेव आणि उड्डाणाआधी मी सांगितलेल्या साठ्यातून ती वजा करत जा. वीज गेली तरी बेरीज विसरायची नाही, म्हणून ती कायम स्मृतीत लिहून ठेव. आकडे सारखे नाचू नयेत म्हणून काही सेकंदांची सरासरी दाखव. झालं. एवढी आज्ञावली कॉलेजातला विद्यार्थी लिहील. अवघड काम पडद्यामागचं नाही, नळीतलं आहे.

आपल्या शहरांतल्या सोसायट्यांत पाणी ठरावीक वेळी येतं. पाणी येण्याआधी नळातून फुस्स करून हवा सुटते आणि पाण्याचं मीटर त्या हवेवरही गरगर फिरतं. बिल हवेचंही येतं, अशी तक्रार आपण ऐकलेली असते. विमानातल्या भिंगरीचं अगदी तसंच आहे. इंजिनाजवळ उष्णता फार. गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू करायचं झालं तर नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ झालेली असते. या वाफेचे बुडबुडे भिंगरीपाशी आले की ती वाटेल तशी फिरते आणि पडदा भलते आकडे दाखवतो. म्हणून बांधणारे काही पथ्यं पाळतात. ठोकळा अशा तऱ्हेने बसवायचा की त्याच्या तारा वरच्या बाजूला येतील आणि आत बुडबुडा अडकून राहणार नाही. इंधन बाहेर पडायची बाजू आत शिरायच्या बाजूपेक्षा खाली ठेवायची नाही. लगतच काटकोनी वळण द्यायचं नाही, कारण वळणावर प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो आणि भिंगरीला चकवतो. नळीवर आगीपासून जपणारं जाड आवरण चढवायचं. तारा प्रज्वलनाच्या तारांपासून दूर ठेवायच्या, नाहीतर ठिणगीचा ठोकाही पेट्रोलचा म्हणून मोजला जातो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं पथ्य : मोजणाऱ्याने वाट अडवायची नाही. भिंगरी अडकली तरी इंधन तिला वळसा घालून वाहत राहिलं पाहिजे. पाण्यासाठी बनवलेले स्वस्त प्लॅस्टिकचे सेन्सर बाजारात मिळतात. पेट्रोलने त्यांचं रबर फुगतं, जोड सैल होतात. हिशेब ठेवायला आणलेल्या कारकुनानेच तिजोरी फोडावी, असा तो प्रकार. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी विमान नाक वर करून उभं करतात, ठोकळा जागेवर असताना पंप चालवून इंजिनाकडची नळी डब्यात सोडतात आणि मिनिटाला किती इंधन येतं ते मोजतात. पूर्ण जोरावर इंजिनाला जेवढं लागतं, त्याच्या किमान सव्वापट पंपाने यायला हवं. इंधन नुसतं उतारावरून येत असेल तर दीडपट. इंधनयंत्रणेची अशी चाचणी घेऊन तिची नोंद ठेवणं सक्तीचं करावं, अशी शिफारस सुरक्षा मंडळाने घरी बांधलेल्या विमानांच्या २०१२च्या अभ्यासानंतर केली होती.

आता इंजेक्शनमधली खरी गुंतागुंत सांगतो. वर सांगितलेल्या यांत्रिक पद्धतीत नळीत गेलेलं इंधन परत येत नाही. जेवढं गेलं तेवढं जळलं. तिथे एक ठोकळा पुरतो. पण हल्ली अनेक जण मोटारीसारखं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवतात. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीने २०१२ मध्ये आणलेलं ९१२ आयएस हे इंजिनही या प्रकारचं. यात पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त इंधन सतत फिरवत ठेवतो आणि उरलेलं टाकीत परत पाठवतो. दाब कायम राहतो, नळ्या थंड राहतात. पण हिशेब अवघड होतो.

समजा, पंप तासाला १२० लिटर पाठवतो, ८५ लिटर परत येतं आणि इंजिन ३५ लिटर पितं. तुम्ही जाणाऱ्या नळीवर एक आणि येणाऱ्या नळीवर एक असे दोन ठोकळे बसवलेत आणि वजाबाकी केलीत. प्रत्येक ठोकळा फक्त दोन टक्के चुकतो, असं धरू. पहिला दोन टक्के जास्त दाखवतो : १२२.४. दुसरा दोन टक्के कमी : ८३.३. वजाबाकी येते ३९.१. म्हणजे खरं ३५ असताना सुमारे ३९! दोन टक्क्यांच्या चुकीची जवळजवळ बारा टक्के झाली. दोन मोठ्या आकड्यांतून लहान आकडा काढला की मोठ्यांच्या बारीक चुका सगळ्या लहानाच्या वाट्याला येतात. ही गोष्ट घरखर्चालाही लागू आहे. जमा आणि खर्च दोन्ही मोठे असले की शिल्लक सांगताना फार जपावं लागतं.

यावर बांधणाऱ्यांनी दुसरा मार्ग काढला. इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर सतत फवारत नाही. उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. तो किती वेळ उघडा राहिला हे इंजिनाच्या संगणकाला माहीतच असतं. पूर्ण उघडा राहिला तर मिनिटाला ३०० मिलिलिटर सोडणारा इंजेक्टर निम्मा वेळ उघडा असेल, तर १५० मिलिलिटर गेलं. असे चार असले तर तासाला ३६ लिटर. नळी कापायला नको, भिंगरी नको, परतीचं इंधन मोजायला नको. पण इथेही सावध राहावं लागतं. इंजेक्टर उघडायला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याच्या आसपास वेळ घेतो. तेवढा वजा केला पाहिजे. बॅटरी उतरली की तो वेळ वाढतो. नळीतला दाब बदलला की फवारा बदलतो. आणि एखादा इंजेक्टर तुंबला तर संगणक समजतो की त्याने फवारलं. सिलिंडरला मात्र मिळालेलं नसतं. दाबाच्या काट्याची जुनी खोड इथे नव्या वेशात परत येते. जे मोजलं ते इंजेक्टर उघडा असण्याचा वेळ; पाटी मात्र इंधनाची.

मग भरवसा कशावर ठेवायचा? उत्तर जुनंच आहे : मापात पाप नको. पेट्रोल पंपावर शंका आली तर आपण पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागू शकतो. विमानाचं मापही असंच तपासतात. सपाट जागी टाकी ठरावीक खुणेपर्यंत भरायची. दोन-तीन तास उडायचं. त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरायची आणि पंपाचा आकडा लिहून घ्यायचा. समजा, उपकरण म्हणतं १०४ लिटर गेलं आणि पंपावर मावलं १०० लिटर. लिटरला १८ हजार ठोके धरले होते, म्हणजे एकूण १८ लाख ७२ हजार ठोके पडले. त्यांना शंभराने भागा. खरा मापाचा आकडा १८ हजार ७२०. तो उपकरणात घालायचा. पण एका भरण्यावर निकाल द्यायचा नाही. तीन-चार वेळा करून सरासरी घ्यायची. पेट्रोल उन्हाने फुगतं, दहा अंशांना साधारण एक टक्का. सकाळी भरलं की दुपारी, यानेही फरक पडतो. अमेरिकेत नव्या विमानाला सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरलेल्या परिसरात, प्रवासी न घेता चाचणीसाठी उडावं लागतं. हे माप जुळवायला तेच तास उपयोगी पडतात.

एककाचंही भान हवं. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ विमान मॉन्ट्रियलहून एडमंटनला निघालं. त्याचे इंधनदर्शक बंद होते, म्हणून भरलेलं इंधन हाताने हिशेब करून काढलं. लिटरचे किलोग्रॅम करताना ०.८च्या ऐवजी १.७७ने गुणलं गेलं. तो आकडा पौंडाचा होता. हवं होतं त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी इंधन घेऊन विमान आकाशात गेलं आणि वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी ते तरंगत गिमली गावच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. सगळे ६९ जण वाचले, हे त्यांचं कसब.

माप जुळलं की प्रवाहमापक नुसता पहारेकरी राहत नाही, सल्लागारही होतो. उंचावर हवा विरळ असते, म्हणून वैमानिक इंधनाचं प्रमाण हाताने कमी करतो. किती कमी करावं, हे समोरच्या आकड्यावरून आणि धुराच्या तापमानावरून ठरवता येतं. लिंडबर्गने १९४४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या युद्धभूमीवर अमेरिकन वैमानिकांना असंच इंधन बेताने वापरायला शिकवलं आणि त्यांच्या पी-३८ विमानांचा पल्ला बराच वाढला. शिवाय एखाद्या दिवशी त्याच उंचीवर, त्याच वेगाला रोजच्यापेक्षा आकडा वेगळा दिसला, तर काहीतरी बिघडतं आहे ही सूचना आधीच मिळते.

एक गोष्ट मात्र या उपकरणाला कधीच कळत नाही : टाकीत किती आहे. त्याला फक्त त्याच्यासमोरून गेलेलं दिसतं. सुरुवातीला तुम्ही १६० लिटर सांगितलंत आणि टाकीत १२० होतं, तर ते १६०मधूनच वजा करत राहील. टाकीचं झाकण नीट लागलं नाही आणि वाऱ्याच्या ओढीने इंधन बाहेर शोषलं गेलं, तर ते भिंगरीवरून गेलेलंच नाही. परतीचं इंधन चुकून भरलेल्या टाकीत जाऊन बाहेर सांडलं, तरी पडद्यावरचा साठा भरपूरच दिसेल. आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हे उपकरण पोहरे मोजतं. आडात डोकावणं माणसाचंच काम.

म्हणून जाणते वैमानिक तीन साक्षीदार ठेवतात. पहिला, उडण्याआधी टाकीत प्रत्यक्ष बुडवलेली खुणांची पट्टी आणि टाकीचा काटा. दुसरा, घड्याळ. तिसरा, प्रवाहमापक. तिघांची साक्ष जुळली तर पुढे जायचं. जुळली नाही, तर जो सर्वांत कमी इंधन सांगतो त्याचं ऐकायचं आणि जवळच्या धावपट्टीवर उतरायचं. अमेरिकेच्या नियमांत डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या वैमानिकाने दिवसा निदान ३० आणि रात्री ४५ मिनिटांचं इंधन राखून निघावं, असं सांगितलं आहे. ती अर्धी-पाऊण तासाची शिल्लक आपल्या हिशेबातल्या चुकांसाठी ठेवलेली असते, वापरण्यासाठी नव्हे.

उपकरण बनवणं हे आता कुणाही कष्टाळू माणसाच्या आवाक्यात आलं आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण पडद्यावर चमकणारा आकडा दशांश चिन्हासकट दिसला की तो खरा वाटायला लागतो. तो कुठून आला, त्याने प्रत्यक्ष काय मोजलं, कोणत्या मापाशी ताडून पाहिला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला मान देऊ नये. आकाशात उडणाऱ्यांनी तर नाहीच. जमिनीवरच्या आपणही वर्तमानपत्रात, बँकेत, दवाखान्यात रोज इतके आकडे वाचतो, त्यांनाही हे प्रश्न विचारायला हरकत नाही.